नामंजूर रोपांची नोंदवही

कोरफड म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अंगणाच्या कोपऱ्यातील एखादी फुटकी कुंडी येते. हात भाजला तर तिचा गर लावावा, केसांसाठी तेलात उकळावी, एवढाच तिचा आपला परिचय. आयुर्वेदाने तिला ‘कुमारी’ असे सुरेख नाव दिले. तरी शोभेची वनस्पती म्हणून तिच्याकडे आपल्या घरांतून फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक आपली ही कोरफड एका फार मोठ्या गोतावळ्यातील एक साधी सभासद आहे. ‘अ‍ॅलो’ या प्रजातीत पाचशेहून अधिक जाती असून आफ्रिका खंड, अरबस्तान आणि मादागास्कर बेट ही त्यांची मूळ भूमी. त्यांतील काही माणसाहून उंच वाढतात, तर काही चहाच्या बशीत मावतात. या बशीत मावणाऱ्या मंडळींचे परस्परांशी संकर घडवून नवे वाण तयार करण्याचा छंद मला गेली सोळा वर्षे आहे. त्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. आता त्याला एक विशेष कारणही घडले आहे. ते ओघाने येईलच.

मी बँकेत अधिकारी होतो. नोकरीतील बदल्यांच्या चक्रात २००७ साली पुण्याला होतो. त्या जानेवारीत एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शनात एका लहानशा विक्रेत्याकडे मी एक रोप पाहिले. चार बोटे रुंदीचे, पानांवर पांढरे खरखरीत उंचवटे आणि कडेला फिकट गुलाबी रेघ. कुंडीवर ‘हायब्रिड’ एवढाच शब्द लिहिलेला. कोणाचा कोणाशी संकर, असे विचारले तर विक्रेत्याने हसून हात हलवला. बँकेत अर्जदाराच्या वडिलांचे नाव नसलेला अर्ज आम्ही पुढच्या टेबलावर जाऊ देत नसू. इथे तर आईचेही नाव नव्हते. रोप घेऊन मी घरी आलो, परंतु तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्याच्या शोधातूनच पुढचे सारे उद्भवले.

शोध घेताना कळले की या कामाची मोठी केंद्रे दक्षिण आफ्रिका आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया ही आहेत. दक्षिण आफ्रिकेत लिओ थॅम यांनी बागेत लावण्याजोगे, भरघोस फुलणारे संकर तयार केले. कॅलिफोर्नियात जॉन ब्लेक यांचे ‘लिझर्ड लिप्स’, केली ग्रिफिन यांचे ‘ख्रिसमस कॅरोल’ आणि ‘पिंक ब्लश’ हे छोटे वाण जगभर पोहोचले. या छोट्या संकरांच्या पूर्वजांत मादागास्करच्या चिमुकल्या जाती प्रामुख्याने येतात. अ‍ॅलो डेस्कोइंग्साय ही त्यांतील सर्वांत लहान जातींपैकी एक. तिचे पान जेमतेम तीन सेंटिमीटर लांब. अ‍ॅलो हावर्थिऑइडिस हिच्या पानांना केसांसारखे पांढरे दाते असतात, तर अ‍ॅलो रौहाय हिच्या पानांवर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असते. या तिन्ही रानातून उपटून आणून विकण्याच्या वस्तू नव्हेत. ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्यांचा समावेश आहे. आपली नेहमीची अ‍ॅलो व्हेरा सोडली तर या प्रजातीतील सर्वच जाती त्या कराराच्या कक्षेत येतात. म्हणून मी पहिल्यापासून आपल्याच देशातील हौशी लोकांनी कुंडीत वाढवलेल्या रोपांवर काम केले.

याच शोधात गिल्बर्ट रेनॉल्ड्स हे नाव भेटले. दक्षिण आफ्रिकेतील अ‍ॅलोंवरचा त्यांचा ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला आणि उष्णकटिबंधीय आफ्रिका व मादागास्कर येथील अ‍ॅलोंवरचा दुसरा ग्रंथ १९६६ साली. आजही या विषयाचा अभ्यास करणाऱ्याला त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते. मला नवल वाटले ते त्यांच्या व्यवसायाचे. ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढणे हा त्यांचा पेशा होता. दिवसाचा धंदा सांभाळून माणूस एखाद्या विषयात इतका खोल उतरू शकतो, हे वाचून माझ्यासारख्या एम.कॉम. झालेल्या माणसाची भीड चेपली.

आता संकर म्हणजे नेमके काय करायचे, ते थोडक्यात सांगतो. अ‍ॅलोच्या बहुतेक जातींत १४ गुणसूत्रे असतात, आठ लांब आणि सहा आखूड. हा आराखडा जवळजवळ सर्वत्र सारखाच असल्यामुळे हजारो मैलांच्या अंतरावर वाढणाऱ्या दोन जातींचाही सहज संकर होतो. दुसरी गोष्ट अशी की, बहुतेक अ‍ॅलो स्वतःच्या परागकणांनी फळत नाहीत. त्यांना दुसरे झाड लागते. फुलांचा तुरा खालून वर उमलत जातो. प्रत्येक फुलात सहा पुंकेसर आधी बाहेर येतात, पराग देतात आणि सुकतात. त्यानंतर कुक्षी पुढे येते व चिकट होते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास एका झाडाचा पिकलेला परागकोश बारीक चिमट्याने उचलायचा आणि दुसऱ्याच्या तयार कुक्षीला हलकेच टेकवायचा. एवढीच ती क्रिया. शिंजीर पक्षी आणि मधमाश्या हेच काम आपल्याआधी उरकून टाकतात. म्हणून तुऱ्यावर मलमलीची पिशवी चढवून ठेवावी लागते. दोन झाडे एकाच वेळी फुलत नसतील तर पराग कोरडा करून इवल्याशा बाटलीत फ्रिजमध्ये ठेवता येतो. आमच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी अशा बाटल्यांचा एक डबा आहे. त्यावर सौभाग्यवतीने मोठ्या अक्षरांत ‘खाण्याचे नाही’ असे लिहिले आहे.

संकर साधला तर बोंड धरते. दोन-तीन महिन्यांत ते वाळून तीन पाकळ्यांनी उकलते आणि पंख असलेले हलके बी वाऱ्यावर उडू लागते. ते उडण्याआधी पिशवीत धरायचे आणि ताजे असतानाच पेरायचे. पंधरवड्यात गवताच्या पात्यासारखे अंकुर दिसतात. पहिले वर्षभर सगळी भावंडे सारखीच दिसतात, पाने दोन बाजूंना दोन ओळींत, जणू पुस्तक उघडून ठेवले आहे. खरे रूप दुसऱ्या वर्षापासून उघडू लागते. फूल यायला छोट्या जातींनाही माझ्याकडे तीन वर्षे लागतात. म्हणजे एक पिढी तीन वर्षांची. २००९ साली मी पहिला संकर केला. आज मी पाचव्या पिढीच्या दारात उभा आहे. एका बोंडातील वीस बियांची वीस रोपे वीस तऱ्हेची निघतात. त्यांतील एखादे मनाजोगते निघाले तर त्याचे बी धरून उपयोग नाही, कारण त्या बियांतून पुन्हा वीस तऱ्हा निघणार. ते रोप जसेच्या तसे वाढवायचे तर त्याच्या बुडाशी येणारे फुटवेच लावावे लागतात.

यावरून वाचकांच्या लक्षात आले असेल की, संकर करणे हा या छंदातील सोपा भाग आहे. अवघड भाग निवडीचा. २००९ पासून २०२० पर्यंत माझे ६४ संकर फळले आणि त्यांतून वर्षभराची झालेली रोपे सुमारे १,९०० होती. त्यांतील पुढील पिढीसाठी मी राखली फक्त ४१. शेकडा सुमारे दोन एवढेच म्हणता येईल. चारशेच्या आसपास आपोआप गेली. उरली साधारण साडेचौदाशे जिवंत, निरोगी, पण माझ्या उपयोगाची नसलेली रोपे. त्यांचे काय करायचे?

जगातील बहुतेक संकरक अशी रोपे सरळ टाकून देतात, आणि शास्त्राच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. आमच्या घरी मात्र हा प्रश्न आईने पहिल्याच वर्षी निकालात काढला. २०१० च्या उन्हाळ्यात मी नको असलेल्या रोपांची पाटी भरून खाली नेत होतो. ती जिन्यात बसली होती. पाटीकडे पाहून म्हणाली, “पेरलंस ना? मग सांभाळ. नाहीतर सांभाळणारा शोध. जिवंत रोप आपल्या हातून उकिरड्यावर जाणार नाही.” आई २०१४ साली गेली, तिचा तो नियम घरात अजून चालू आहे. कीड लागली तरी मी औषध फवारत नाही. पिठ्या ढेकूण दिसले तर मऊ ब्रशने पाण्याखाली उतरवतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांमुळे पानांवर गाठी येतात. तो भाग कापून दूर करतो. यात सूक्ष्म जीवांची हानी मुळीच होत नाही, असा दावा मी करणार नाही. बागेत काम करणाऱ्या कोणालाच तो करता येणार नाही. हानी कमीत कमी व्हावी, एवढेच आपल्या हाती असते.

सांभाळणारे शोधायचे ठरले आणि मी रोपे वाटू लागलो. नातेवाईक, शाळा, दवाखाने, दुकानांची गल्ली, बदलीच्या गावचे सहकारी. प्रत्येक रोपाला क्रमांक होता, उदाहरणार्थ १६-०३-२२. म्हणजे २०१६ सालचा तिसरा संकर, त्यातील बावीसावे रोप. हा क्रमांक कुंडीतील पट्टीवर पेन्सिलने लिहिलेला असे. शाई सोलापूरच्या उन्हात एका मोसमात उडून जाते, पेन्सिल टिकते. शिवाय एक मोठी नोंदवही होती. राखलेल्या रोपांची माहिती तर तीत होतीच; परंतु नाकारलेल्या प्रत्येक रोपापुढेही दोन गोष्टी लिहिलेल्या होत्या. का नाकारले, आणि कोणाकडे दिले.

ही सवय बँकेची. कर्ज मंजूर झाले की त्याची कागदपत्रे आपोआपच सांभाळली जातात, कारण त्यात पैसा गुंतलेला असतो. परंतु नामंजूर झालेल्या अर्जांचीही एक नोंदवही शाखेत असते आणि नामंजुरीचे कारण तीत लिहावे लागते. नवखा अधिकारी ते काम कंटाळवाणे समजतो. ज्याने चार शाखा पाहिल्या आहेत त्याला ठाऊक असते की, गावाच्या धंद्याची खरी नाडी त्या वहीत सापडते. आज ज्या कारणाने अर्ज नाकारला ते कारण दोन वर्षांनी उरलेले नसते, आणि तोच माणूस मग शाखेचा उत्तम खातेदार होतो. कारण लिहून ठेवलेले असेल तरच पुढच्या अधिकाऱ्याला हे कळते.

माझे उद्दिष्टही इथे सांगायला हवे. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत घडलेले वाण आमच्याकडे आले की त्यांचे दोन वेळा हाल होतात. मे महिन्यात सोलापूरचे तापमान ४२ अंशांच्या पुढे जाते. तेव्हा ही झाडे वाढ थांबवून मिटून बसतात. ती त्यातून सावरतात न सावरतात तोच पावसाळ्याची दमट ऊब सुरू होते आणि मुळांशी कूज धरते. मला असा छोटा अ‍ॅलो हवा होता की ज्याची पाने त्या परदेशी वाणांसारखी नक्षीदार आणि लाल कडेची असतील, पण जो आमचा मे आणि आमचा श्रावण दोन्ही औषधाविना काढील. त्यासाठी मातीही वेगळी लागते. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिचे प्रमाण नाममात्र. बाकी जांभ्याची बारीक खडी, विटांचे तुकडे आणि जळलेल्या कोळशाची खडी. गच्चीवर प्लॅस्टिकच्या पत्र्याचे छप्पर आणि खाली शेडनेटची जाळी. बदलीच्या गावी असताना आठवड्याला एकदा मी फोनवर सूचना द्यायचो आणि प्रत्यक्ष सर्व काम सौभाग्यवती करायची. निवृत्तीपूर्वीची नऊ वर्षे या वहीतील जवळजवळ निम्म्या नोंदी तिच्या हस्ताक्षरात आहेत. २०१८ साली मी निवृत्त होऊन सोलापुरास कायमचा आलो. २०१९ च्या हिवाळ्यात तिसऱ्या पिढीला फुले आली. त्यांतील सहा रोपे अशी उतरली होती की, पुढची पिढी यांच्यापासूनच करायची हे आम्ही दोघांनी निश्चित केले.

ऑक्टोबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यात झालेली अतिवृष्टी अनेकांना आठवत असेल. भीमेच्या काठच्या गावांचे हाल ज्यांनी पाहिले, त्यांना गच्चीवरच्या कुंड्यांचे दुःख सांगणे शोभत नाही. तरी घडले ते सांगतो. त्या रात्री वाऱ्याने छप्पर उडाले. कुंड्या पाण्याने भरल्या, आणि पाऊस थांबल्यावरही हवा दिवसचे दिवस कोंदट राहिली. मग कूज सुरू झाली. सकाळी धडधाकट दिसणारे रोप संध्याकाळी हात लावताच बुंध्यापासून सुटून यायचे. तीन आठवड्यांत ४१ पैकी ९ उरली. ती सहाच्या सहा गेली. अकरा वर्षांच्या कामाचा शेंडाच कापला गेला. माझे वय तेव्हा ६२ होते. पुन्हा मुळापासून आरंभ करायचा तर तिसरी पिढी गाठायला मला एकाहत्तरी उजाडणार होती.

वही काढली ती सौभाग्यवतीने. ती म्हणाली, “आपली गेली. त्यांची भावंडं कुठं कुठं दिली आहेत, ते तर लिहिलंय ना?” त्या सहांतील चार रोपे १६-०३ या एकाच संकरातील होती. त्या संकराची अकरा नाकारलेली भावंडे वहीत पत्त्यांसह होती. आम्ही फोन करायला बसलो. टाळेबंदीनंतरचे ते दिवस. लोकांना जुनी ओळख निघाल्याचाच आनंद होता. अकरांपैकी सात रोपे जिवंत निघाली. बार्शीला एका आत्येबहिणीच्या खिडकीत, लातूरला एका कापड व्यापाऱ्याच्या सज्जात, अक्कलकोटला एका दवाखान्यात. आणि सगळ्यांत आश्चर्याचे म्हणजे १६-०३-२२. हे तुळजापूरच्या एका शाळेत, छप्पर नाही, जाळी नाही, अशा उघड्या अंगणात होते. त्याच पावसात ते भिजले होते आणि त्याला अकरा फुटवे होते. शाळेच्या शिपायाने मोठ्या अगत्याने दोन फुटवे कागदात बांधून दिले, त्यावर पेन्सिलीने तोच क्रमांक लिहून.

वहीत या रोपापुढे नामंजुरीचे कारण असे लिहिले होते: “दाते विरळ, रंग फिका.” शोभेच्या निकषावर तो निर्णय योग्यच होता आणि आजही मी तोच देईन. परंतु पावसाचा निकष त्या वहीत नव्हताच, कारण माझ्या छपराखाली पाऊस कधी आलाच नव्हता. ती परीक्षा माझ्या गच्चीवर होऊ शकत नव्हती. ती तीनशे घरांच्या खिडक्यांत आणि अंगणांत चालू होती. आईचा नियम नसता तर ते रोप २०१८ सालीच कचऱ्यात गेले असते. कारण आणि पत्ता लिहिला नसता तर ते असूनही नसल्यासारखे झाले असते.

आमचे थोरले बंधू गेली पन्नास वर्षे कापडाच्या पेढीवर बसतात. दर पाडव्याला वहीपूजन झाले की ते मला विचारायचे, “तुझ्या या धंद्यात जमेच्या बाजूला काही आहे का रे?” त्या वर्षी ही हकीकत ऐकून ते मनापासून हसले आणि म्हणाले, “म्हणजे गावोगावी उधारी ठेवली होतीस, ती वसूल झाली म्हणायची.” मी म्हटले, “दादा, उधारी मागता येते. हे मागण्याचा मला हक्क नव्हता. दिलेले देऊन झाले होते. लोकांनी परत दिले ते त्यांच्या मनाचे.” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग त्याला वहीत कुठल्या खात्यावर लिहायचं?” त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

जानेवारी २०२१ मध्ये १६-०३-२२ चे फुटवे आणि उरलेल्या नऊ रोपांपैकी तीन यांचे संकर केले. चौथी पिढी उगवली. या खेपेस मी रोपांची अर्धी पाटी छपराखाली ठेवली आणि अर्धी उघड्यावर. २०२२ च्या पावसाळ्यानंतर उघड्यावरच्या रोपांतील पाव हिस्सा उरला. पुढच्या दोन पावसाळ्यांत त्यांतील फारच थोडी गेली. २०२४ च्या हिवाळ्यात त्यांना फुले आली. त्यांतील २१-०२-०९ हे रोप तीन मे आणि तीन श्रावण पाहून उभे आहे. पानाची कड लाल आहे. अंगावरचे पांढरे उंचवटे मला हवे होते तितके दाट नाहीत. ते पाचव्या पिढीत येतील, अशी अपेक्षा आहे.

अपेक्षा म्हणतो, कारण आता त्या विशेष कारणाकडे यायला हवे. २०२२ च्या अखेरीस एके दिवशी वही लिहिताना मला दिसले की, पानावर छापलेली रेघ मध्येच वाकली आहे. प्रथम मला छपाईचा दोष वाटला. दुसरे पान उलटले, तेथेही तसेच. जन्मभर खतावणीच्या सरळ रेघांवर डोळा ठेवलेल्या माणसाला रेघ वाकलेली दिसावी, याचा अर्थ समजायला डॉक्टरांकडे जावे लागले. उजव्या डोळ्याच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागाची वयोमानाने झीज होत आहे. मॅक्युलर डीजनरेशन म्हणतात त्यास. माझी झीज संथ गतीची आहे आणि गेलेले परत येणारे नाही. कडेचे दिसते, नेमके जिथे पाहावे तिथले पुसट होते. डॉक्टरांनी चौकटींचा एक कागद दिला आहे. रोज सकाळी एकेक डोळा झाकून त्यातील रेघा तपासायच्या. यंदाच्या दिवाळीपासून डाव्या डोळ्यालाही एक रेघ किंचित लवलेली दिसते.

अ‍ॅलोच्या फुलाची कुक्षी टाचणीच्या टोकाएवढीही नसते. ती तयार झाली की नाही हे तिच्या टोकावरील ओलाव्यावरून ओळखायचे. ते मला आता दिसत नाही. गेल्या हिवाळ्यात चिमटा सौभाग्यवतीने धरला आणि मी शेजारी बसून क्रमांक सांगितले. नोंदी सुनेने केल्या. ती पेढीचे जीएसटीचे काम पाहते. तिने सोळा वर्षांची वही चार महिन्यांत संगणकावर उतरवली. उतरवताना तिने मला एक सूचना केली. “पप्पा, नामंजुरीचं कारण एका रकान्यात नको. दिसणं वेगळं आणि टिकणं वेगळं, असे दोन रकाने करू या. आणि ज्यांच्याकडे रोप दिलंय, त्यांना दर पावसाळ्यानंतर विचारून दुसरा रकाना भरू या.” मी चाळीस वर्षे बँकेत रकाने भरले, हा रकाना मला सुचला नव्हता, तिला सुचला.

आता आमच्या घरात रोप पाहण्याच्या दोन रीती आहेत. मला दिसत होते तोवर मी रंग आणि दाते पाहिले. सून आधी टिकणे पाहते. यंदा पाचव्या पिढीसाठी आईबाप निवडताना तिने अशी दोन रोपे पुढे केली, जी मी फिकी म्हणून बाजूला काढली होती. मी थोडा वाद घातला आणि मग गप्प बसलो. त्यांची फुले २०२८ च्या सुमारास येतील. त्यांचा रंग मला डोळ्यांनी कळेल किंवा न कळेल. कोणी तरी वाचून दाखवील आणि वहीत लिहिले जाईल. पानांवरचे उंचवटे तर बोटांनीही कळतात. अलीकडे मी पुष्कळदा डोळे मिटूनच पाने चाचपतो आणि क्रमांक ओळखतो. नातवंडांना तो एक खेळच झाला आहे.

२१-०२-०९ ला अद्याप नाव दिलेले नाही. वाणाला नाव देण्याचेही आंतरराष्ट्रीय नियम आहेत. १९५९ पासून नवे नाव लॅटिनमध्ये देता येत नाही, ते बोलीतल्या भाषेत द्यावे लागते. म्हणजे मराठी नावाला काही आडकाठी नाही. दादांनी एक सुचवले आहे, नातवाने दुसरे. आणखी एक पावसाळा जाऊ द्या, असे मी दोघांना सांगितले आहे. नाव सून ठेवील.

या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आमचे एखादे नाकारलेले रोप असण्याचा संभव आहे. लग्नकार्यात, पर्युषणानंतरच्या भेटीगाठींत, पेढ्यांच्या उद्घाटनांना मी ती सढळ हाताने वाटली आहेत. त्या सर्वांस एक विनंती. कुंडी बदलली, घर बदलले, रोप दुसऱ्या कोणाला दिले तरी त्यातील पेन्सिलने लिहिलेली पट्टी फेकून देऊ नका. पावसाळ्यानंतर आमच्याकडून फोन येईल. रोप असेल तर आहे सांगा, गेले असेल तर गेले सांगा; दोन्हींसाठी वहीत रकाना आहे.